लोकेशन सोडू नका, सर

काल मोबाईलवर मेसेज आला. "प्रिय ग्राहक, आपल्या मोटरसायकलच्या रोडसाइड असिस्टन्सची मुदत संपत आहे. निश्चिंत प्रवासासाठी आजच नूतनीकरण करा." त्यातल्या 'निश्चिंत' या शब्दापाशी मी अडकलो. चहा गार झाला, बायकोने दोनदा हाक मारली, आणि शेवटी ठरवलं की आता हे लिहूनच टाकायचं. घरच्यांना वाटतं मी तो विषय सोडून दिला. सोडलेला नाही. नुसता बोलायचा थांबलो होतो, कारण बोलायला लागलो की माझा आवाज चढतो आणि बाबा उठून आतल्या खोलीत जातात.

तर, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. (आत्या, तुला सगळं माहीत आहे. तरी वाच.)

२६ ऑगस्ट २०२५, मंगळवार, हरतालिका. दुसऱ्या दिवशी गणपती. आमचं गाव चिपळूणच्या पुढे, गुहागर रस्त्याला. आम्ही राहतो कराडला. आई, बायको आणि पोरं रविवारीच एसटीने पुढे गेली होती. मला मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा मिळाली, आणि गावात चार दिवस इकडून तिकडे करायला गाडी लागतेच, म्हणून मी आणि बाबा बाईकने निघालो. बाबा अडुसष्ट वर्षांचे, गुडघे कुरकुरतात, पण मागे बसायला कधी नाही म्हणत नाहीत.

बाबांना त्या दिवशी संध्याकाळच्या आत पोचायचंच होतं. आमच्याकडे गणपती चित्रशाळेतून घरी येतो तो चालत. पाटावर ठेवून, डोक्यावरून, शेताच्या बांधाने, पुढे पोरांच्या झांजा. आजोबा १९८७ साली गेले, तेव्हापासून तो पाट बाबांच्या डोक्यावर. पोस्टातली नोकरी, बदल्या, एकदा तर टायफॉइडमधून नुकतेच उठलेले, पण एकही वर्ष चुकलेलं नाही. बाबा तसे फार देवदेव करणारे नाहीत. पण ते एक त्यांचं होतं.

आता बाईक. कंपनीचं नाव सांगणार नाही, कारण दुसरी घेतली असती तर हेच झालं नसतं असं मला वाटत नाही. २०२४च्या दसऱ्याला घेतलेली, म्हणजे जेमतेम साडेदहा महिन्यांची. पेढे, हार, चाकाखाली लिंबू, सगळं रीतसर. त्या दिवशी शोरूममधल्या पोराने कागदांवर सह्या घेताघेता नऊशे रुपयांचं रोडसाइड असिस्टन्सही गळ्यात मारलं. "सर, फॅमिलीवाले आहात. रात्री-बेरात्री कुठेही बंद पडली, एक फोन करायचा. ऑल इंडिया." मी घेतलं. घेताना अगदी शहाणं झाल्यासारखं वाटलं, तेही कबूल करतो.

पाटण ओलांडलं, हेळवाकला चहा घेतला आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. पाऊस असा की घाटातले धबधबे रस्त्याच्या अंगावर येत होते. थोडं खाली उतरल्यावर बाबांना पाय मोकळे करायचे होते म्हणून कठड्यापाशी थांबलो. स्टँडवर गाडी लावली. पाच मिनिटांनी स्टँड वर घेतला, चावी फिरवली, बटण दाबलं. काही नाही. मीटरवरचे दिवे लागलेत, पेट्रोल अर्धी टाकी, आणि स्टार्टर मारला की शांतता. परत दाबलं. परत शांतता. किक नाहीच. नव्या गाड्यांना किक देणं कंपन्यांना बहुधा खेडवळ वाटत असावं.

दोन वाजायला दहा मिनिटं होती.

बाबा म्हणाले, "अरे, सीट काढ बघू. तुझ्या डिकीत पान्हा असेल ना? प्लग तरी बघू."

ज्यांनी कुणाच्या वडिलांची चेतक पाहिली आहे त्यांना हे वाक्य माहीत आहे. स्कूटर बंद पडली की ती डाव्या बाजूला कलंडवायची, पुन्हा सरळ करायची, नाही झालं तर प्लग काढून पॉलिशपेपरवर घासायचा, पदराला नाहीतर रुमालाला पुसायचा, फुंकर मारायची आणि किक. आमचं सगळं बालपण त्या किकांच्या आवाजात गेलं. आई ऑफिसच्या वेळी खिडकीतून मोजायची, सातवी की आठवी.

आणि मी काय केलं? बाबांनी सीटला हात घातला तसा मी अक्षरशः त्यांचा हात धरला. "बाबा, हात लावू नका! वॉरंटी जाईल."

बाबांनी हात काढून घेतला. "बरं" म्हणाले. कठड्यावर जाऊन बसले, रेनकोटची टोपी ओढून.

हे वाक्य माझं नाही हो. म्हणजे तोंड माझं होतं, पण वाक्य त्या पुस्तिकेतलं. अधिकृत केंद्राबाहेर कोणी उघडलं, बदललं, छेडछाड केली तर वॉरंटी रद्द. शोरूममधल्या पोराने डिलिव्हरीच्या दिवशी बजावलेलं, पहिल्या सर्व्हिसिंगला सुपरवायझरने बजावलेलं, "बाहेर कुठे दाखवू नका हं सर". इतक्यांदा ऐकलं की ऐन वेळी ते मला माझंच मत वाटलं. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गाडीला स्वतःच्या बापाने हात लावायचा नाही, हे मला त्या क्षणी अगदी योग्य वाटलं. मला चीड येते ती इथे.

मग फोन. घाटात रेंज एका वळणापुरती. तिथपर्यंत चढून गेलो. सहा मिनिटं संगीत, मग एक मुलगी. गोड आवाज, हिंदी.

"सर, आप सेफ लोकेशन पे हैं?"

"घाट में हूँ. बारिश है."

"सर, पिनकोड बताइए."

घाटातल्या कठड्याचा पिनकोड काय असतो, हे पोस्टमास्तरचा मुलगा असूनही मला माहीत नाही. पोफळीचा द्यावा की हेळवाकचा? लोकेशनची लिंक पाठवायला इंटरनेट हवं, ते नव्हतं. शेवटी "कुंभार्ली घाट, कराड-चिपळूण रोड" असं चार वेळा अक्षरं सुटी करून सांगितलं. मग तिने कागदावरचे प्रश्न विचारले. पेट्रोल आहे का, किल स्विच चालू आहे का, स्टँड वर आहे का. मी म्हटलं, "हां हां, सब देखा है." स्टँड डोळ्यांनी वर दिसत होता, त्यामुळे मी खोटं बोललो नाही. हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागेल.

"सर, टिकट बन गया है. प्लीज लोकेशन छोड़ के मत जाइए. व्हेंडर आपको कॉल करेगा."

लोकेशन सोडू नका. पण फोन यायचा तर वरच्या वळणावर जायला हवं, आणि लोकेशन म्हणजे गाडी तर खालच्या वळणावर. मी वर-खाली करत राहिलो. पावणेतीनला वर गेलो तेव्हा एकदम तीन मेसेज पडले. आम्ही आपल्याला फोन केला. आम्ही आपल्याला पुन्हा फोन केला. ग्राहकाशी संपर्क न झाल्याने आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.

पुन्हा संगीत, पुन्हा दुसरी मुलगी, पुन्हा पिनकोड, नवं तिकीट.

मधल्या वेळात एक दुधाचा टेम्पोवाला थांबला. "काय झालं हो? बंद पडली व्हय?" खाली पोफळीला एक गॅरेजवाला आहे, म्हणाला. "उतारच हाय की, न्यूट्रल टाका नि जावा सावकाश. मी फुडं चालतो, दिवा दावत." बाबा उठून उभे राहिले. डोळ्यांत आशा. खरं सांगतो, इतकी सोपी गोष्ट होती. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण फुकट होतं, कसली मेंबरशिप लागत नव्हती, ब्रेक धड होते, आणि पुढे दिवा दाखवायला माणूस तयार होता.

मी त्याला नको म्हणालो. लोकेशन सोडायचं नाही आणि बाहेर दाखवायचं नाही, अशी दोन कलमं माझ्या डोक्यात पक्की बसलेली. टेम्पोवाला माझ्याकडे बघून हसला, बाबांकडे बघून मान हलवली आणि गेला.

पुढचा तास सरहद्दीच्या वादात गेला. कुंभार्ली घाट ही सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांची हद्द. आम्ही थोडे उतरलो होतो म्हणजे रत्नागिरीत. पण पहिलं तिकीट हेळवाक धरून कराडच्या टोइंगवाल्याकडे गेलेलं. कराडवाला म्हणे, घाटात खाली उतरलात तर ते चिपळूणचं. चिपळूणवाला म्हणे, माझी एकच गाडी, ती आज महामार्गावर गणपतीच्या गर्दीत अडकली, आणि मला तिकीट आलेलंच नाही. कॉलसेंटरमधली तिसरी मुलगी म्हणे, सर, झोन बदलायचा तर हे तिकीट बंद करून नवीन करावं लागेल, करू का? जवळचं अधिकृत केंद्र चिपळूणचं, पाऊण तासावर, तेही आम्ही जात होतो त्याच रस्त्यावर. पण आमची गाडी शेवटी मंजूर झाली ती कराडला. जिथून निघालो तिथेच परत!

या सगळ्या मुलींवर माझा राग नाही. टोइंगवाल्यावर तर नाहीच. तो सव्वासातला आला, ओलाचिंब, सकाळपासूनची त्याची ही पाचवी फेरी. फेरीमागे त्याला ठरावीक पैसे मिळतात, डिझेल त्याचं, आणि ते पैसेही महिन्या-दोन महिन्यांनी. त्याने सांगितलं म्हणून कळलं की ज्या कंपनीचं नाव माझ्या टाकीवर आहे तिचा या सगळ्याशी जवळजवळ संबंधच नाही. तिने काम दिलंय एका मदत-कंपनीला, तिने लावलंय एक कॉलसेंटर, ते गाठतं गावोगावच्या टेम्पोवाल्यांना. माझे नऊशे रुपये या साखळीत कुठे विरघळले देव जाणे. एक मात्र कळलं. त्या साखळीत कुणीही असं नाही की ज्याला गाडी सुरू करता येते. फोन घेणारीला येत नाही. टोइंगवाल्याकडे पान्हा आहे, पण त्याने लावायचा नाही. तोही अनधिकृतच! त्याचं काम उचलून नेणं. म्हणजे 'असिस्टन्स' या शब्दाचा अर्थ एवढाच, की बिघाड जिथे पाच मिनिटांत निघू शकतो तिथून गाडी उचलून, जिथे तो पाच दिवसांत निघेल तिथे नेऊन टाकणं.

टेम्पोत एकाच माणसाची जागा होती. ओटीपी दिला (रेंजसाठी शेवटचं वर-खाली), गाडी चढवली, आणि आम्ही दोघं काळोखात उभे राहिलो. वीसेक मिनिटांनी एक जादा एसटी आली, गच्च भरलेली. हात केला. घाटात, वळणावर, पावसात ती थांबली. तिकीट पुढे काढू, आधी आत या, म्हणाला कंडक्टर. बाबांना एका पोराने उठून जागा दिली. पिनकोड कुणी विचारला नाही.

घरी पोचलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. गणपती घरात आला होता. कापडाने तोंड झाकलेला, कोपऱ्यात पाटावर. चुलतभावाने आणला. आत्या म्हणाली, सातपर्यंत वाट पाहिली, मग चित्रशाळेवाल्यांना बंद करायचं होतं. बाबा म्हणाले, "बरं केलंत. नाहीतरी गुडघे दुखतात हल्ली, कधीतरी सोडायलाच हवं होतं." आणि हातपाय धुवायला गेले.

नंतर मला कुणीही काही म्हटलं नाही. त्यापेक्षा कुणी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

गाडी नऊ दिवसांनी मिळाली. सणाची गर्दी, मेकॅनिक सुट्टीवर. बिघाड काय होता? साइड स्टँडचा स्विच. हल्लीच्या गाड्यांत स्टँड खाली असेल तर इंजिन चालू होऊ नये म्हणून तिथे एक छोटा स्विच असतो. चांगली गोष्ट आहे, स्टँड खाली ठेवून निघालेल्या लोकांचे हातपाय मोडलेले मी पाहिलेत. त्या स्विचमध्ये चिखलपाणी गेलं की गाडीला वाटतं स्टँड अजून खालीच आहे. मीटरवर स्टँडचं चित्र पेटलेलं होतं म्हणे, मी दिव्यांच्या गर्दीत पाहिलंच नाही. म्हणजे त्या पहिल्या मुलीने कागदावरून वाचलेला प्रश्न अगदी बरोबर होता. फक्त त्याचा अर्थ तिलाही माहीत नव्हता आणि मलाही. सर्व्हिस सेंटरमधल्या मेकॅनिकने खासगीत सांगितलं, "काही नाही हो सर, ब्रश मारला, स्प्रे मारला, झाली. पावसाळ्यात रोज एखादी येते." बाबांनी प्लग काढला असता तर काही उपयोग झाला नसता, हे खरंच. पण पोफळीच्या त्या गॅरेजवाल्याच्या दारात घाट उतरून अशा गाड्या दर पावसाळ्यात येत असणार. त्याला हे कळायला संगणक लागला नसता.

आणि मग बिल. सहाशे चाळीस रुपये. तपासणी, सफाई, वॉशिंग. मी म्हटलं, वॉरंटी? काउंटरवरची बाई म्हणाली, "सर, पाणी आणि चिखल हे बाह्य कारण आहे. वॉरंटीत बसत नाही."

पुन्हा वाचा. ज्या वॉरंटीसाठी मी बाबांचा हात धरला, उतार असून उतरलो नाही, पाच तास पावसात उभा राहिलो, ती वॉरंटी त्या बिघाडाला लागूच नव्हती. कोकणच्या पावसात मोटरसायकलला चिखल लागणं हे 'बाह्य कारण'. मग आतलं कारण कोणतं? मोटरसायकल दिवाणखान्यात ठेवायची वस्तू आहे का?

माझा एक मित्र एका डीलरकडे कामाला आहे. त्याने मला बरंच समजावलं. लोक बाहेरून हॉर्न बसवतात, एलईडी दिव्यांच्या माळा लावतात, मूळ वायरी कापून टेप गुंडाळतात, मग वायरिंग जळतं आणि भांडायला आमच्याकडे येतात. खरं आहे. २०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं, कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, सेन्सर आले, चुकीच्या ठिकाणी हात घातला तर दहा-बारा हजारांचा फटका बसू शकतो. हेही खरं. कंपनीने स्वतःला जपावं, माझी काही ना नाही. ज्याने वायर कापली त्याच्या जळलेल्या वायरिंगची भरपाई देऊ नका. पण कापणाऱ्याची शिक्षा पुसणाऱ्याला कशाला? 'छेडछाड' हा शब्द मुद्दाम इतका मोठा शिवलेला आहे की त्यात हॉर्नवालाही मावतो आणि बाबांचा रुमालही.

आणि हे मी एकटाच म्हणतोय असंही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ला चौदा मोटारकंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. (आमच्या घाटाच्या बरोबर अकरा वर्षं आणि एक दिवस आधी. योगायोग!) सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू न देणं, आणि बाहेर गाडी दाखवली तर वॉरंटी जाईल ही भीती, हा त्यातला मुद्दा. आयोगाने म्हटलं की बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीने जेवढं नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच ती रद्द करता येईल. कंपन्या अपिलात गेल्या, ते पुढचं पुराण वेगळं. तो निकाल चारचाकींचा, माझी दुचाकी, हेही मला कळतं. पण जो न्याय मोटारीला तो मोटरसायकलला का नसावा, हे मला कुणीतरी समजावून सांगा. २०२२च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनंही घेतली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, पोर्टल काढलं. पोर्टल चांगलंच आहे. पण कठड्यावर बसलेल्या माणसाला पोर्टलचा उपयोग नसतो, त्याला एक वाक्य हवं असतं: जवळच्या माणसाला दाखवा, तुमची वॉरंटी कुठे जात नाही.

एवढंच वाक्य त्या मुलीच्या कागदावर लिहा ना! विमा कंपन्या नाही का, जवळच्या इस्पितळात जा, बिल आणा, बघू म्हणतात (मग बघतात की नाही तो वेगळा विषय). तसं पोफळीच्या गॅरेजवाल्याला फोन लावा, काय उघडायचं काय नाही ते सांगा, फोटो मागवा, त्याला दीडशे रुपये द्या. टोइंगच्या त्या शंभरेक किलोमीटरच्या फेरीपेक्षा कंपनीलाही ते स्वस्त पडेल. मग करत का नाहीत? मला वाटतं, कारण तसं केलं तर एक गुपित फुटेल. या गाड्यांचे निम्मे बिघाड गावातला पोरगाही काढू शकतो, हे गुपित. आणि ते एकदा कळलं की आम्ही मुकाट्याने दर तीन महिन्यांनी 'अधिकृत' काउंटरवर जाऊन वॉशिंगचे पैसे कशाला देऊ? वॉरंटी म्हणजे गाडीची हमी असं आपण समजतो. त्यांच्या लेखी ती आपली हमी आहे, की हा माणूस दुसरीकडे जाणार नाही. गाडी आपल्या नावावर, बंधन आपल्यावर.

आणि ज्याच्यावर हा शिक्का बसतो तो कोण? पोफळीचा, हेळवाकचा, पाटणचा गॅरेजवाला. ज्याने राजदूत उघडली, यामाहा उघडली, चेतक उघडली, आणि जो इंजेक्शनवाल्या गाड्याही शिकला असता, मिळेल तिथून शिकतोही आहे. घाटातला रस्ता ज्याच्या जिवावर चालतो तोच 'अनधिकृत'. अधिकृत कोण, तर जो साठ किलोमीटरवर आहे आणि नऊ दिवसांनी गाडी बघतो.

मी तक्रार केली. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर, कुणाला लागला तर लिहून ठेवा. तिथे फोन चटकन लागला आणि माणूस मराठीत बोलला, हेही नोंदवतो. पुढे मदत-कंपनीचं पत्र आलं, दिलगिरी नाही, 'गैरसोय' असा शब्द. मोटरसायकलवाल्यांनी मात्र सहाशे चाळीस रुपये खात्यात परत टाकले, 'गुडविल' म्हणून. चूक झाली असं कुठेही नाही. ग्राहक आयोगात जायचा विचार होता. २०१९च्या कायद्याने राहतो त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, आणि पाच लाखांच्या आतल्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. कागद गोळा केले. भरपाईच्या रकान्यापाशी अडलो. नुकसान काय झालं? नऊशे, सहाशे चाळीस, एसटीचं तिकीट. उरलेल्याचा आकडा मी काय लिहू? बाबांना विचारलं तर म्हणाले, "तू आधी जेवून घे."

काका, तुम्ही फोनवर म्हणालात की एवढं काय, एक वर्ष चुकलं तर चुकलं, पुढच्या वर्षी आणेल तो गणपती. पण चुलतभावाने आणला तेव्हाच सगळ्यांनी ओळखलं की आता हे काम त्याच्याकडे गेलं. बाबांनीच त्याला सांगून टाकलं, पुढच्या वेळीही तूच आण म्हणून. हे कधीतरी होणारच होतं, कबूल. पण ते बाबांनी ठरवून, पाट खाली ठेवून, त्याच्या डोक्यावर देऊन व्हायला हवं होतं. एका तिकिटाचा झोन चुकला म्हणून नाही. आणि मी हात धरला म्हणून तर नाहीच नाही.

तेव्हा नूतनीकरण करणार नाही. बायको म्हणते, अरे, राहू दे ना, नऊशेच तर आहेत, पंक्चर-बिंक्चरला उपयोगी पडेल. पंक्चरवाला कोपऱ्यावर आहे. नऊशे रुपयांत त्याच्याकडे माझी कितीतरी पंक्चरं निघतील, आणि तो मला पिनकोड विचारणार नाही.

परवा पेट्रोलपंपावर सीट उघडली तर कागदांच्या पाकिटाशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत काहीतरी गुंडाळलेलं दिसलं. सोडून पाहिलं. एक जुना टूथब्रश, पॉलिशपेपरची घडी, चेतकचा प्लगपान्हा. या गाडीच्या प्लगला तो बसतसुद्धा नाही. मी पिशवीला होती तशीच गाठ मारली आणि सीट लावली.